मोठ्याचा काटा

मी काटा बोलतोय. लगेच पाय उचलून बघू नका, मी पायात मोडणारा नव्हे. मी घड्याळातला काटा, त्यातही मिनिटांचा, म्हणजे मोठा. माझ्या खाली तासांचा एक बुटका असतो, पण त्याला जागचं हलायलाच इतका वेळ लागतो की त्याच्याविषयी काय बोलणार!

कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, टोक काढलं, काळा रंग दिला आणि एका भल्यामोठ्या लाकडी घड्याळात बसवलं. तिथून मी थेट दोन बहिणींच्या बैठकीच्या खोलीत आलो. थोरली शाळेत गणित शिकवायची, धाकटी टपाल कचेरीत होती. दोघींनीही लग्न केलं नाही. तिसरी बहीण गेली तेव्हा तिची चिमुरडी या दोघींनी घरी आणली आणि जिवापाड सांभाळली. ती पोर माझ्याकडे बघूनच घड्याळ वाचायला शिकली, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव.

निवृत्त झाल्यावर या बायकांना एक नाद लागला. हेरगिरीचा! शेजाऱ्यांची वर्तमानपत्रं कोण पळवतं ते त्यांनी शोधून काढलं. (वरच्या मजल्यावरचे डॉक्टर निघाले. दोघी अजून त्यांच्याकडेच औषधाला जातात, पण त्यांच्या खुर्चीखाली नजर टाकून.) धाकटी आधी संशय घेणार आणि मग विचार करणार. थोरली पुरावा मागत बसणार. भांडणं रोजची, पण संध्याकाळचा चहा एकत्रच.

गंमत बघा. घरातलं गजराचं छोटं घड्याळ सारखं बिघडायचं, आणि भाची ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका घड्याळजीकडेच न्यायची. एवढे दोन हेर घरात, पण कुणाला शंका म्हणून आली नाही. शेवटी भाचीनंच सांगून टाकलं, "मला त्याच्याशी लग्न करायचंय."

थोरली त्या रात्री जेवली नाही. मुलगा चांगला होता, तोच तर घोळ होता. नाही म्हणायला कारणच सापडेना.

मागणी घालायला घड्याळजी आणि त्याचा थोरला भाऊ यायचे होते, त्याच्या थोडं आधी मी बुटक्याला घासायला लागलो आणि घड्याळ बंद पडलं. भाची गजराच्या घड्याळाबरोबर तेही घेऊन गेली. घड्याळजीनं मला सोडवलं, कागदात गुंडाळलं आणि टेबलावर ठेवलं.

ज्या दिवशी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, त्याच दिवशी सकाळी दोघी बहिणी दुकान बघायला म्हणून हळूच आल्या. दाराशीच थबकल्या. आत घड्याळजी फोनवर बोलत होता.

"काय करणार, मोठ्याचा काटा काढावाच लागला. मध्येमध्ये येत होता ना. छोट्याचं उद्या बघतो. मावश्यांना एवढ्यात बोलू नकोस, संध्याकाळी कळेलच."

तो मोठ्या घड्याळाविषयी बोलत होता, हे मला कळत होतं. पण त्याच्या थोरल्या भावाला सगळी गल्ली, आणि आमची भाचीही, 'मोठा' म्हणते, आणि हा मोठा सकाळपासून दुकानात फिरकलाच नव्हता. दोघींच्या पायाखालची जमीनच सरकली.

"ताई, यानं भावाचा काटा काढला गं," धाकटी कुजबुजली. "आणि फोनवर आपलीच पोर. तिला सगळं माहीत आहे."

"पुरावा?" थोरलीनं सवयीनं विचारलं.

घड्याळजी फोन ठेवून मागच्या खोलीत गेला तशा दोघी आत शिरल्या. टेबलावर कागदाची पुडी. थोरलीनं ती उघडली, तर आत मी! लांबलचक, काळा, टोकदार, आणि टोकाला गंजाचा लालसर डाग. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. थोरलीनं मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये कोंबलं. मी ओरडून सांगायचा खूप प्रयत्न केला, पण घड्याळाबाहेर मला टिकटिकही करता येत नाही.

घरी येताना थोरली बसमध्ये पर्सवरच बसली. तिथंच मी वाकलो. वाटभर ती एकच वाक्य घोळवत होती, "हे लग्न होणार नाही." खरं सांगायचं तर तिला धक्का बसला होता तेवढंच हायसंही वाटलं होतं. पोर आता घरातच राहणार होती.

संध्याकाळी भाची नटून बसली होती. दाराची घंटा वाजली. घड्याळजी हातात कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. त्याच्यामागे एक अनोळखी गृहस्थ, काळेभोर केस, काळीभोर मिशी, आणि कानही थोडे काळे.

"बसू नकोस," थोरली म्हणाली. "मोठ्याचा काटा काढलास की नाही?"

"काढला. पण तुम्हाला कसं कळलं?" त्याचा चेहरा पडला. "मावशी, सकाळी टेबलावर ठेवला होता, तो सापडेना. मी दिवसभर शोधतोय."

भाचीनं मान खाली घातली. धाकटीनं तिच्याकडे बघून हंबरडाच फोडायचा तेवढा बाकी ठेवला.

"आणि मोठ्याचं काय केलंस?"

"हे काय, आणलंय ना."

त्यानं कापड सोडलं. आत आमचं लाकडी घड्याळ, पॉलिश करून लखलखीत, आणि तबकडीवर एकटा बुटका केविलवाणा उभा.

मग त्या काळ्या मिशीवाल्यानं खाकरून हात जोडले. "मोठा मीपण आहे हो. आज पहिल्यांदाच कलप लावला. दिवसभर न्हाव्याकडे होतो, कानाचा निघता निघेना."

धाकटी अशी हसत सुटली की तिला पाणी द्यावं लागलं. थोरली आत गेली, पर्समधून मला काढलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नाही म्हणायचं शेवटचं कारणही हातातून गेलं होतं. बाहेर येऊन तिनं मला घड्याळजीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पोरीला नीट सांभाळ."

लग्न झालं, भाची शहराच्या त्या टोकाला गेली. घर एकदम गप्प झालं. घड्याळजीनं मला बसवताना बरंचसं सरळ केलं, पण थोडा बाक राहिलाच. तसा मी बुटक्यावरून आरामात जातो, अडत नाही.

तरीही घड्याळ हल्ली दर आठवड्याला बंद पडतं. मग फोन जातो, जावई येतो, आणि त्याच्याबरोबर भाचीही येते. चहा होतो, हसणं होतं. कोण बंद पाडतं, याचा तपास चालू आहे. थोरलीचा संशय पॉलिशवर, धाकटीचा दमट हवेवर. जावई म्हणतो, "नवा काटा बसवू का?" तर दोघी एका सुरात नको म्हणतात.

साक्षीदार मी एकटाच. दुपारी धाकटी झोपली की एक बोट हळूच येऊन मला त्या बाकापाशी बुटक्यावर दाबतं. त्याला खडूचा जुना वास असतो. थोरलीला कधी डुलकी लागली तर दुसरं बोट येतं, त्याला टपालाच्या डिंकाचा. एकीला दुसरीचं ठाऊक नाही.

मी कुणाचं नाव सांगणार नाही. तुमची त्या घड्याळजीशी ओळख असेल तर त्याला एवढंच सांगा, मला पुरता सरळ करू नको.