आंबगाळीचं कोनफळ

"वैनी, तुमी कशाला? चढ हाय, गुडघे बोलतील," पुंडलिक म्हणाला.

"बोलू देत की. लई वरसं गप्प हुते." पारूनं जेवणाची टोपली डोक्यावर घेतली आणि वाट धरली.

पुंडलिक गुंद गावचा, कॅम्पवरचा वाटाड्या. पारू त्याच कॅम्पच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची. कॅम्पला गिऱ्हाईक बारमाही. पावसात लोक मुद्दाम भिजायला यायचे, जळवा लागल्या की बोंब ठोकायचे आणि मग जळवांचेच फोटो काढायचे. थंडीत पाखरं बघायची, उन्हाळ्यात काळी नदीत डुंबायचं. कुणीही यावं, तिकीट काढावं, जंगलात शिरावं. पारूचा पाय मात्र तिकिटाच्या खिडकीशी अडायचा, कारण थंडीतली वाट जिथं जेवायला थांबायची ते आंबगाळी तिचं गाव होतं.

वाघासाठी जंगल राखलं तेव्हा गाव आपणहून उठलं आणि रामनगरला गेलं. रस्ता मिळाला, दवाखाना मिळाला, पोरांना शाळा मिळाली. खोटं कशाला बोला, तेव्हा "चला, चला" करण्यात पारूच पुढं होती. नवरा लखू कुडाच्या भिंतीवरून हात फिरवत मागं राहिला होता. आता आपल्याच अंगणात तिकीट काढून जायचं तिच्या जिवावर यायचं. बिनतिकिटाचं आत जाता येईल म्हणून तर तिनं ही नोकरी धरली, पण चुलीपाशीच अडकली. आज टोपली नेणारा परशू भाचीच्या लग्नाला गेला आणि तिची पाळी आली.

लखूला लकवा होऊन वर्ष झालं होतं. काल हे ऐकल्यावर तो खाटेवर उठून बसायलाच निघाला. "आमचं कोनफळ बघ गे. असलं तर डोकं आन. परसात लावू."

कोनफळ खणताना सगळं घरात आणायचं नाही, ही त्यांची रीत. वरचं डोकं कापून परत खड्ड्यात ठेवायचं, माती दाबायची, पुढच्या वर्षी वेल येतो. गाव सोडायच्या सकाळी टेम्पो भरून उभा, आणि पारू परसात बसून माती दाबत होती. हाताला सवयच ती! सगळे हसले. "पारू, आता खानार कोन?" लखू तेवढा हसला नाही. रामनगरला पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, घरचं बियाणं तिकडंच राहिलं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं. बाजारचं लावून पाहिलं, पण लखू एक घास खाऊन ताट सरकवायचा.

चढ संपला. घराचं जोतं तेवढं उरलं होतं. त्यावर सतरंजी पसरून पाहुणे बसले. पुण्याची एक बाई डोळे मिटून म्हणाली, "काय शांत आहे हो! मला तर इथंच राहावंसं वाटतंय."

"ऱ्हावा की," पारू तिला वाढत म्हणाली. "पानी तेवढं वड्यावरनं आनायचं."

बाई हसली. पारूही हसली. बाई बसली होती तिथं एके काळी पारूची चूल होती.

वाढून झाल्यावर ती मागं गेली. फणसावर पिवळा पडलेला वेल चढला होता. जोत्याच्या दोन दगडांमध्ये मूळ, म्हणून रानडुकरांच्या तावडीतून वाचलेलं. तिनं उलथण्यानं माती उकरायला घेतली.

"वैनी, न्हाई." पुंडलिक मागं उभा होता. "हितनं काडीसुदिक न्यायची न्हाई. गेटावर टोपली बघत्यात."

"ठावं हाय."

तो घुटमळला. "मी पाव्हन्यास्नी पाखरं दावतो," म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

खालचं मातीत ठेवून पारूनं डोकं तेवढं कापलं, मोकळ्या झालेल्या भाताच्या भांड्यात टाकलं, वर फडकं दाबलं. बेमालूम काम झालं. पण उठताना उघडा खड्डा दिसला आणि पाय निघेना. सगळे गेले, हे एकटं राहिलं. पाऊस आला की उगवलं, थंडीत वाळलं, खणायला कुणी येईल म्हणून वर्षानुवर्षं थांबलं. आणि आपण आलो ते याला उचलून न्यायला? तिला रडू आवरेना. तिनं फडकं काढलं, डोकं खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती दाबली.

संध्याकाळच्या बसनं ती रामनगरला उतरली. लखू ओसरीवर खाटेवर पडून वाटच बघत होता.

"हाय?"

"हाय. फनसावर गेलाय येल."

"आन हिकडं."

पारू खाटेच्या कडेला टेकली आणि रिकामे हात त्याच्यापुढं धरले. "न्हाई आनलं. घरचं एक तरी तिथं ऱ्हाऊ दे."

लखूनं चालत्या हातानं तिची बोटं धरली. नखांत काळी माती बसली होती.

"सोडा, हात धुते. भात टाकायचा हाय."

"आजच्या दीस नगं धुवू," लखू म्हणाला.