मुकादम कोणाचा

खोली एकच. मधोमध प्लायवूड ठोकलं आणि दोन संसार झाले. अलीकडे आम्ही, पलीकडे माझी धाकटी जाऊ. खिडकी तिच्या वाट्याला गेली. सासूबाई तिच्याकडे राहायच्या, तेही हौसेनं. आणि बोकाही तिचाच.

त्याला सगळे मुकादम म्हणत, कारण रोज संध्याकाळी शेपटी वर करून तो सगळ्या खोल्यांची पाहणी करायचा. मागच्या बोळात कचऱ्याचा ढीग. गाडी महिन्यातून एकदा फिरकली तर नशीब. त्यामुळे उंदरांचा सुळसुळाट. मी घरी कॉलर शिवते. उंदरांनी एक गठ्ठा कुरतडला की आठवड्याची मेहनत पाण्यात. मुकादम मात्र पलीकडे झोपायचा. माझा जळफळाट व्हायचा, कशाला लपवू?

मग मी त्याला फितवलं. मासळीवाली फेकून देते ती डोकी आणून रोज मशीनखाली ठेवली. पंधरा दिवसांत मुकादम माझ्या पोरीच्या कुशीत झोपायला लागला. धाकटी हाका मारायची, हा नुसता कान हलवायचा. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

त्याच्या नाकावरची जखम आधी दिसली ती धाकटीलाच. बोळातल्या आणखी दोन बोक्यांना तसंच झालं होतं. एक कचऱ्यातच मेला. धाकटी म्हणाली, गुरुवारी फुकटच्या दवाखान्यात जनावरंही तपासतात, याला घेऊन जाते. मला वाटलं, आली बाई डाव साधायला. गुरुवारी मी मुकादमाला कापडाच्या पेटाऱ्यात कोंडलं आणि तो कुठंतरी उंडारायला गेलाय म्हणून ठोकून दिलं. ती गेल्यावर पोरीनं त्याला थोपटायला पेटाऱ्यात हात घातला. घाबरलेल्या बोक्यानं तिला ओरबाडलं.

काही दिवसांनी तिच्या मनगटावर गाठ आली. ती फुटली, मग वर दुसरी, तिसरी, कोपरापर्यंत ओळीनं. मी मलम चोपडलं, लांब बाह्यांचा झगा घातला. पोरीला पेन्सिल धरवेना हे धाकटीनं पाहिलं आणि मला न विचारता तिला कडेवर घेऊन तोच दवाखाना गाठला. मी मागून धावले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी. कचऱ्यात, कुजक्या लाकडात असते, मांजराच्या नखांतून माणसात शिरते. हात बरा होईल, पण गोळ्या कित्येक महिने, एकही न चुकवता. बोक्यालाही औषध द्या आणि तोवर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. वेगळी खोली असती तर आधी मीच राहायला गेले असते. धाकटी लगेच म्हणाली, माझ्या खिडकीपाशी पिंजरा ठेवते.

बोका वेळेवर आणला असता तर पोरीपर्यंत आलंच नसतं, असं पुटपुटत बाईंनी कागद पुढे ओढला.

"मांजर कोणाचं?"

"माझं," धाकटी म्हणाली. "मीच लक्ष द्यायला हवं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीनं चांगल्या हातानं तिचं बोट धरलं होतं. खरं तर मी तिचे पाय धरायला हवे होते. पण माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच. खिडकी तिची, सासू तिची, आणि आता माझी चूकही स्वतःवर घेऊन हीच मोठी होणार.

"माझं आहे ते," मी म्हणाले. "ही आणणार होती. मी कोंडून ठेवलं त्याला."

डॉक्टरीणबाईंनी आधीचं खोडलं आणि माझं नाव लिहिलं.