परातीतला देश आणि चार चिठ्ठ्या

सडक अर्जुनीला हायवेलगत, ढाब्यामागच्या मैदानात, मे महिन्याच्या उन्हात चार गावांची माणसं दाटीवाटीनं बसली होती. स्टेजवर भली मोठी पितळी परात, परातीत तांदळानं रचलेला भारताचा नकाशा आणि त्यामागे विकासनाथ महाराज. महाराजांनी डोळे मिटले, नकाशाच्या मधोमध, म्हणजे साधारण आपल्या विदर्भात, तीन बोटं खुपसली आणि चिमूटभर तांदूळ कपाळाला लावले. बायका हात जोडून उभ्या राहिल्या.

"सरकार को कागज लगता है," महाराज म्हणाले. "आपल्याले फक्त नाडी लागते. देश यंदा किती टक्के वाढला, हे भारतमाता माझ्या अंगठ्यात बोलते, बेटा."

मी मागच्या रांगेत होतो. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अंगठ्यात बोलणारी माता मला एकाही धड्यात भेटली नव्हती. पण हसायची सोय नव्हती, कारण या गृहस्थाचा जानेवारीतला आकडा बरोबर आला होता.

देशाचं उत्पन्न वर्षात किती टक्के वाढलं, याचा पहिला अंदाज सरकार जानेवारीत सांगतं आणि मेअखेरीस सुधारलेला आकडा देतं. त्यावर मोबाइलमध्ये पैजेचा बाजार चालतो. महाराजांचे चेले व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून एक ॲप बसवून देत. त्यात आकड्याचे चार कप्पे, एकेक म्हणजे अमुक ते अमुक टक्के. एका कप्प्याचं तिकीट घ्यायचं. आकडा त्या कप्प्यात पडला तर दहा रुपये, नाही तर शून्य. तिकिटाचा भाव अडीच रुपये असेल, तर बाजार स्वतःच सांगत असतो की हे चारांत एकदाच घडेल. पण भाव वाचायला कोण बसलं होतं? जानेवारीत आमच्या गावानं हौसेनं वीस-पन्नास रुपये लावले, चौपट मिळाले आणि गाव महाराजांच्या पायावर पडलं.

महाराजांचा एकच नियम होता. गावागावाची वेगळी रांग, एका गावातल्या घरोघरी एकाच आकड्याची बंद चिठ्ठी, आणि चिठ्ठीतला आकडा गावाबाहेर बोलायचा नाही. हा नियम आमच्या लोकांना नवा नव्हता. आमच्या जंगलपट्ट्यात वैदू मुळी देतो, पण तिचं नाव सांगत नाही. सांगितलं की मुळीचा गुण जातो, असं आजोबा-पणजोबांपासून मानतात. मुळीचा नियम लोकांनी आकड्याला लावला, कोणी 'कायले' म्हणून विचारलंसुद्धा नाही.

माझा जीव अडकला होता शालीकरामात. हा माझा जुना विद्यार्थी, आता वनमजूर. त्याची दिव्या एकोणीस वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण. आजारानं तिच्या खुब्याचं हाड आतून मरत चाललं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदला, वर्षभरात बदला, नाही तर पोरगीचं चालणं बंद होईल. सरकारी मदत योजनेची फाइल दोनदा परत आली होती. ऑपरेशनाचे निम्मे पैसे कसेबसे जमले होते, आणि तेच निम्मे शालीकराम चिठ्ठीवर लावणार होता. मी समजावायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "गुर्जी, अर्ध्या पैशात अर्धा पाय बसवून देते का कोनी?" मी तसाच घरी आलो आणि मला माझीच लाज वाटली.

आकडा शुक्रवारी चार वाजता येणार होता. बुधवारी दिव्या रक्त चढवायला गोंदियाच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर चारांतल्याच दुसऱ्या गावची, कामठ्याची नीतू, तिची कितीतरी महिन्यांची मैत्रीण, तोच आजार. रक्त चढायला चार तास लागतात. पोरी बोलणार नाहीत तर काय करणार? नीतूच्या बापानं, उदारामनं, घरातलं होतं नव्हतं ते महाराजांच्या चिठ्ठीवर आधीच लावून टाकलं होतं. पोरींनी चिठ्ठ्या एकमेकींना दाखवल्या. दिव्याचा फोन मला तिथूनच आला.

"गुर्जी, आमच्या चिठ्ठीत साडेसहाच्या वर लिवलं आहे. नीतूच्या चिठ्ठीत सव्वासहाच्या आत. मातेची नाडी दोन दोन आहे का?"

गुरुवारी मी शालीकरामची चिठ्ठी दाखवत उरलेल्या दोन गावांत हिंडलो. तिथे माझे जुने विद्यार्थी होते, त्यांनी काचकूच करत चिठ्ठ्या काढल्या. दोन गावं, दोन वेगळे आकडे. चार कप्पे, चार चिठ्ठ्या, म्हणजे एक बरोबर येणारच. मग फोनवरून जानेवारीचा शोध घेतला. तेव्हा गावं सोळा होती. चार-चार गावांना एकेक कप्पा वाटलेला. ज्या बारा गावांचं चुकलं त्यांना सांगितलं, तुमच्यातला कोणीतरी बोलला म्हणून गुण गेला. ती गावं शरमेनं गप्प बसली. ज्यांचं जुळलं ती चार गावं मैदानात बसून हात जोडत होती. नाडी नाही, माता नाही, नुसती वाटणी. आणि महाराजांना आकड्याशी देणंघेणंच नव्हतं. ॲपमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसामागे त्यांना कमिशन होतं. तुम्ही जिंका की बुडा, त्यांची पोळी पिकलेलीच.

शुक्रवारी सकाळी मी चारही चिठ्ठ्यांचे फोटो शालीकरामपुढे धरले. त्यानं ते पुन्हा पुन्हा पाहिले. त्याचा अंगठा मोबाइलवरच होता.

"चारातली एक तं खरी निघनच ना, गुर्जी?" तो म्हणाला. "मंग माही काऊन नाही?"

"निघू शकते," मी म्हणालो. खोटं बोललो असतो तर सोपं होतं, पण मग महाराजात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? "चारात एकदा निघेल. तीनदा दिव्याचा पाय जाईल."

तो मानायला तयार नव्हता. शेवटी दिव्याच भिंत धरत धरत आली. "बाबा, तीनदा माहा पाय जाईन म्हणून राहिले गुर्जी. मोबाइल इकडे दे," एवढंच म्हणाली. त्यानं मोबाइल दिला आणि तोंड फिरवून बसला.

चार वाजता आकडा आला. साडेसहाच्या वर.

गावात फटाके वाजले. शालीकराम माझ्या अंगणात आला, उंबऱ्याशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. "तुमच्यापायी माह्या पोरीचा पाय गेला, गुर्जी." त्या रात्री मला वाटलं, आपण यात पडायलाच नको होतं.

आठवडा झाला. नीतू फोन उचलेना. दिव्यानं हट्ट धरला, तेव्हा शालीकराम माझ्याशी एक शब्द न बोलता आमच्यासोबत कामठ्याला आला. उदाराम ओट्यावर बसला होता. घरातला शिलाईचा धंदा, मशीनसकट, गेला होता. नीतू आत कोपऱ्यात. तिचं रक्त चढवायचा दिवस टळून गेला होता, आणि बाप तिला नेत नव्हता.

"इनंच चिठ्ठी दाखवली वार्डात," उदाराम म्हणाला. "इच्याच तोंडानं गुण गेला. महाराज कायले खोटा बोलन?"

बारा गावांचं जे झालं तेच या घरात झालं होतं. ठगाला कोणी बोल लावला नाही. आजारी पोरीला लावला. मी काही म्हणणार तोच शालीकराम पुढे झाला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला.

"उदाराम भाऊ, त्याच दिवशी, त्याच वार्डात, दिव्यानं माही चिठ्ठी नीतूले दाखवली होती. गुर्जींनी ते दोन गावात दाखवली. तरी माही खरी निघाली." त्याला धाप लागली होती. "सांगतल्यानं गुण जाते, तं माहा काऊन नाही गेला? मी लावला असता तं आज जिंकलो असतो. ते मले माहीत आहे, ते घेऊनच जगून राहिलो. पन पोरीचा दोष नाही. चल, तिले रक्त चढवून आनू."

उदाराम उठला आणि पोरीची चप्पल शोधू लागला.

मी पोलिसांत तक्रार दिली. महाराज परातीसकट दुसऱ्या जिल्ह्यात गेलेत म्हणतात. योजनेची फाइल तिसऱ्यांदा पाठवली आहे. दिव्या अजून भिंत धरूनच चालते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले आठ महिने उरले आहेत. या गोष्टीला गोड शेवट नाही, माझ्याकडे तो असता तर दिला असता.

एवढंच मागतो. कोणी तुम्हाला बंद चिठ्ठी देऊन 'बोलू नका' म्हणाला, तर त्याच दिवशी शेजारच्या गावात जा आणि मोठ्यानं विचारा, तुमच्या चिठ्ठीत काय आहे? जे खरं असतं, ते सांगितल्यानं खोटं होत नाही.