भाजीच्या कप्प्यातली पाहुणी

सुनेने फ्रीजमधला भाजीचा कप्पा रिकामा करून तिथे एक डबा ठेवला आणि म्हणाली, "आई, याला हात लावायचा नाही हं."

सासूबाईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात असं सांगणारं माणूस अजून जन्मायचं होतं.

"आहे काय त्यात?"

"फुलपाखरांचे कोष. केंद्रातलं थंड कपाट बंद पडलंय." नाहीशा होत चाललेल्या जीवांना जगवायच्या केंद्रात सून कामाला होती. "ही जात आता फक्त डोंगरमाथ्यावरच्या कुरणात उरलीय. तिथलं बर्फ वितळून फुलं येईपर्यंत यांना थंडीत झोपवायचं. आधी जागी झाली तर वर खायला काही नाही. खाली फुलं आहेत, पण अंडी घालायला यांचं झाड नाही."

"नखरे तर बघा," सासूबाई म्हणाल्या.

सून कामावर गेली की त्या फ्रीज उघडायच्या. वाळक्या पानाची सुरळी, दुसरं काय, असं म्हणून दार लावायच्या आणि घटकाभराने परत उघडायच्या. एका दुपारी नीट दिसावं म्हणून त्यांनी डबा ओट्यावर आणला. तेवढ्यात शेजारीण आली आणि गप्पा रंगल्या.

संध्याकाळी सुनेने पाहिलं, तर एक कोष फुटून ओल्या पंखांचं फुलपाखरू झाकणाला लोंबत होतं.

"डबा बाहेर काढलात?"

"काढला. खोटं कशाला बोलू?"

"मादी आहे. आणि वर अजून बर्फ आहे."

"मग तोंड पाडून बसू नकोस. हिला जगवायची कशी ते सांग."

फ्रीजमध्ये ती निपचित राहील, सुनेने सांगितलं; पण रोज बाहेर काढून, टाचणीने सोंड उलगडून साखरपाणी पाजायला हवं. ते काम सासूबाईंनी घेतलं. नातवाला औषध पाजलेला हात, पण पहिल्यांदा अर्धं साखरपाणी ओट्यावरच सांडलं.

"चव कळते हिला?"

"पायांनी कळते."

"पायांनी? म्हणजे चपला घालून जेवायची सोय नाही."

कुरण फुलल्याचा निरोप आला, तेव्हा सासूबाई न विचारता जीपमध्ये पुढे बसल्या. वर नर आधीच भिरभिरत होते. डबा उघडला. फ्रीजमध्ये राहून मादीच्या पंखांची कड विरली होती. एक नर आला, घिरटी घालून निघून गेला.

"मेला नाक मुरडतोय," सासूबाई पुटपुटल्या.

दुसरा आला. तो तिच्याशेजारी गवतावर उतरला, आणि थोड्या वेळाने दोघं शेपटाला शेपूट जोडून स्थिर बसली. सून वाकून पाहू लागली.

"सरक मागे, लाज नाही तुला," म्हणत सासूबाई तिच्याच खांद्यावरून डोकावल्या. "अंडी कधी घालेल?"

"बहुतेक उद्या."

"मग उद्या जीप किती वाजता निघते?"