कुणाच्याच घरी न गेलेला गेम कन्सोल

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे, पण एकाही मुलाने मला कधी हात लावलेला नाही. मी कारखान्यातच म्हातारा झालो.

माझं कवच, पंखा, तारा, सगळं तयार होतं. फक्त बोर्डावर मधोमध एक चौकोन रिकामा होता. तिथे बसणारी चिप कुठेच मिळेना. मोटारवाले, फोनवाले, सगळेच तिच्यामागे लागले होते आणि बड्या गिऱ्हाइकांपुढे आम्हाला कोण विचारतो? आम्ही सगळे अर्धवट कन्सोल फळीवर धूळ खात पडलो.

आमच्या लाइनवर दोन जावा कामाला होत्या. थोरली लाइनची प्रमुख, धाकटी तपासणीवर. घरातलं भांडण त्या डब्यासोबत रोज कारखान्यात आणत. काम थांबलं तशी थोरलीची जीभ आणखी धारदार झाली.

एके दिवशी मॅनेजरने कुठूनतरी चिपांचं खोकं आणलं. भंगारातल्या बोर्डांवरून काढलेल्या, घासूनपुसून नव्या केलेल्या चिपा. थोरलीने त्या मुकाट्याने बसवून घेतल्या. धाकटीने मला चालू केलं. थोड्याच वेळात माझं अंग भाजू लागलं, जळका वास सुटला. पुढचेही तसेच निघाले.

"पास कर," थोरली म्हणाली.

"नाही करणार, ताई. कुणाच्यातरी घरात पेटेल हे."

"लाइन बंद पडली तर माझी पोरं काय खातील? तुझा शहाणपणा?"

"मग तुम्ही सही करा."

"करते. हो बाजूला."

थोरली सही करायला मॅनेजरच्या खोलीत गेली. धाकटीने दातओठ खात स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि आमच्या उघड्या बोर्डांवरून एकामागून एक खसाखसा ओढला. मित्रांनो, माझ्या नसा तुटल्या. मला तिचा भयंकर राग आला. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

"कुणी केलं हे?" मॅनेजरने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आमची लाइनही बंद पडली. "मेलीस तरी तुझं तोंड पाहणार नाही," एवढं थोरली तिला दारातच बोलली. पुढे थोरलीला परत आलेल्या मालाच्या गोदामात कामाला टाकलं. बिघडलेला माल म्हणून मलाही तिथेच ठेवलं होतं.

शेजारच्या लाइनवर त्याच चिपा बसवून माल विकला गेला होता. त्यातला एक कन्सोल परत आला. अर्धा वितळलेला, आणि त्याला पडद्याचं जळकं कापड चिकटलेलं. थोरलीने ते कापड बोटांनी सोडवलं. मग तिने मला उचललं, माझ्यावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. जावेला मात्र ती काही बोलली नाही. त्यांचा अबोला आजही तसाच आहे.

मित्रांनो, वस्तू मिळत नसली की माणसं कासावीस होतात, हे मी पाहिलंय. तुम्ही थोडं थांबा. रिकाम्या जागेत काहीतरी कोंबून मला तुमच्या घरी पाठवा, असं कुणालाही म्हणू नका. मला कधी खेळायला मिळालं नाही, याचं दुःख आहेच. पण माझ्यामुळे कुणाचा पडदा पेटला नाही.