काठोकाठ पियाली

झूराचा आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली तरी घोडीच्या दुधाचं न घुसळता आंबट कुमिस व्हायचं. अख्खं नारीन गाव साक्षीला आहे. याच आवाजात तिनं भावजयीला, बुरुलला, भर मेजवानीत सुनावलं होतं, "मुकी आहे तुझी पोर. टाका आश्रमात, सुटाल!" तेव्हापासून बुरुल सुडासाठी टपून बसली होती.

बुरुलच्या लेकीला, सेझिमला, गोंगाट सोसत नसे. असह्य झाला की ती टेबलावर कपाळ आपटायची. सगळे म्हणत, हट्ट. थेरपिस्ट मेरिम मात्र नुसती बघत राहिली आणि तिला दिसलं, आपटण्याआधी पोर खांदा उचलून कान झाकते. मग खांदा उचलला गेला की त्याच क्षणी मेरिम तिच्या हाती चहाची किटली देऊ लागली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच पियाली ओततात. काठोकाठ भरून दिली की त्यानं उठायचं. सेझिम ते शिकली. तिनं पियाली भरली की मेरिम तडक खोलीबाहेर.

"कपाळ आपटणं थांबलंय," मेरिम म्हणाली, "पण एकदा जरी तिची पियाली न जुमानता बसलात, तर केलं-सवरलं सगळं मातीत."

बुरुलचे डोळे लकाकले. "मग नोरूझच्या सणाला आमच्या वन्संची पियाली भरायला शिकवा की तिला!"

"ते तिचं बोलणं आहे, बाई. तुमचा चाबूक नव्हे."

"बरं," म्हणाली बुरुल. आणि नोरूझच्या सणाला लेकीला चहाच्या समोवारपाशी बसवलं, नेमकं झूराला खेटून.

"बाबा, आश्रमात बोलून ठेवलंय मी!" झूरा आपल्या म्हाताऱ्या बापाकडे वळून गरजली. छपरावरचा बर्फ घसरला. "उद्याच सोडून येऊ हिला!"

सेझिमचा खांदा कानाला भिडला. कपाळ की किटली?

किटली. एक थेंब न सांडता, काठोकाठ पियाली झूरापुढे.

तळलेले बोर्सोक चघळणारी तोंडं थांबली. बुरुलचे म्हातारे सासरे मिशीत हसले. "मुकी म्हणालीस ना, झूरा? तुला हे सांगायची या घरात कुणाची छाती झाली नव्हती. ऊठ. पोर कुठंही जाणार नाही."

झूरा लालबुंद होऊन बाहेर पडली. बुरुलनं मांडीवर थाप मारली आणि अशी खदाखदा हसली, की खिडक्या थरथरल्या.

तिच्यापुढे पियाली आली. काठोकाठ.

"अगं, मी आई तुझी!"

सेझिमचा खांदा कानाशी तसाच होता. बुरुलनं मुकाट्यानं पियाली रिकामी केली, शाल ओढली आणि बर्फात जाऊन उभी राहिली. तिथं झूरा गाडी गरम व्हायची वाट बघत होती.

"तुलाही?" झूरा जन्मात पहिल्यांदा हळू बोलली.

"मलाही," बुरुल थंडीनं दात वाजवत म्हणाली. "पण वन्सं, आधी तुमची भरली."