थोरली काय म्हणते

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे भिंगोबा म्हणायचे. काम काचा घासायचं. मागच्या खोलीत मशीनवर बसून, पाण्याच्या धारेखाली, काच फ्रेमच्या मापाची करायची. केसाएवढा फरक असला तरी त्याला दिसायचा. घरातलं मात्र दिसायचं नाही.

गिऱ्हाईक कमी झालं तसा मालकाने त्याचा आठवड्यातला एक दिवस कापला. घरभाडं कुणी कापलं नाही. मग भिंगोबाने घरखर्च भिंगाखाली धरला आणि बोट ठेवलं केबलवर.

"बघतंय कोण? नुसत्या बडबडत तर बसता दोघी," म्हणाला, आणि केबल बंद करून आला. टीव्हीखालचा केबलचा डबासुद्धा परत दिला.

दोघी म्हणजे आई आणि बायको. दोन वर्षांपूर्वी बिनसलेल्या. आईचं शिलाई मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं, बायकोने ते न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्या दिवसापासून अबोला. एक शब्द नाही एकमेकींशी. पण रोज साडेसातला मालिका लागायची. त्यात एक सासू होती आणि एक थोरली सून.

"ही थोरली भाजीत मीठ कमी घालत असणार," आई पडद्याकडे बघून म्हणायची. "तोंडावरूनच कळतं."

"सासूने मलम लावून घेतलं तर गुडघा दुखायचा नाही," बायको पडद्यालाच सांगायची. "लावणारं माणूस घरात आहे."

"मग सासूने मागायची वाट कशाला बघावी थोरलीने?"

त्या रात्री मलम लागायचं. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर पडायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे टीव्हीला बोले आणि घराला लागे. दोन वर्षं संसार असा चालला. भिंगोबाला वाटायचं, नुसती मालिकेवरची बडबड.

केबल गेली त्या संध्याकाळी दोघी सवयीने साडेसातला येऊन बसल्या. काळ्या काचेत दोघीच दिसत होत्या. पाच मिनिटं बसल्या आणि उठल्या.

मग एकेक गोष्ट अडायला लागली. इमारतीची टाकी धुणार, दुपारीच पाणी भरून ठेवा, असा निरोप आईला मिळाला. भिंगोबा दुकानात. आई सांगणार कुणाला? दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शेजारून बादल्या आणल्या. भाजी अळणी ती अळणीच राहिली. आईने मलमाची डबी उशाशी ठेवली, पण झाकण कुणी उघडलं नाही. आई लंगडायला लागली.

दहाव्या दिवशी तिने पलंगाखालून पिशवी ओढली.

"रविवारी तुझ्या ताईकडे जाते. कायमची."

"का गं? कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी काही बोलत नाही. तेच तर."

आई घरात नाही अशी संध्याकाळ भिंगोबाने जन्मात बघितली नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला. "अगं, तू तरी सांग ना तिला, राहा म्हणून!"

"मी कशी सांगू?" बायको ओट्यावरचं फडकं पिळत म्हणाली. "थोरली असती तर सांगितलं असतं तिच्या तोंडून."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोही झिरो बल्बचा.

शनिवारी दुकानातून तो थेट केबलवाल्याकडे गेला.

"काय भिंगोबा, झाली बचत?" केबलवाला हसला. "परत जोडायचे वेगळे पडतात हां."

"घे. पण आत्ताच्या आत्ता चल."

जिना चढून दोघे दाराशी आले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. दार अर्धवट लोटलेलं. आत आई पलंगावर, पायाशी भरलेली पिशवी. बायको खाली चटईवर. दोघींचे डोळे बंद टीव्हीवर.

"आज काय झालं असेल मालिकेत?" बायको टीव्हीला म्हणाली.

आईने पिशवी पायाने जवळ ओढली.

"मला वाटतं," बायकोच पुढे म्हणाली, "थोरली आज कबूल करते. म्हणते, मशीन दिलं ते चुकलंच. विचारायला हवं होतं."

केबलवाला खांद्यावरची वायर सावरायला लागला, भिंगोबाने त्याचा हात धरला.

"सासू काय म्हणते?" बायकोने विचारलं.

"सासू म्हणते," आईने नाक पुसलं, "विचारलं असतं तर दिलंच असतं. पण ही थोरली अशी, की सासू निघाली तरी राहा म्हणायची नाही."

"म्हणते की. आत्ताच म्हणाली. सासूला ऐकू कमी येतं."

"जोडू का?" केबलवाला कुजबुजला.

"थांब," भिंगोबा म्हणाला. "मालिका चालू आहे."

केबलवाल्याने आत डोकावून काळ्या टीव्हीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"थोरलीला म्हणावं," आतून आईचा आवाज आला, "मलम पिशवीत अगदी तळाशी आहे. सगळं बाहेर काढावं लागेल."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.